अस्सलबरहुकूम नक्कल : मेजावरील लेसर स्कॅनरविषयी प्रस्तावना

भूमापन कचेरीतून आपल्या शेताच्या नकाशाची नक्कल ज्याने एकदा तरी काढवून घेतली असेल, त्याची नजर हद्दी, खुणा आणि क्षेत्र यांवरून फिरून कागद घडी घालून खिशात गेला असेल. पायथ्याशी असलेल्या तीन सह्यांकडे मात्र ती क्वचितच वळली असेल. ‘नक्कल तयार करणार’, ‘रुजुवात घेणार’ आणि ‘खरी नक्कल’ अशा शब्दांपुढे तीन निरनिराळ्या हातांच्या निशाण्या असतात. पहिल्या इसमाने मूळ कागद समोर ठेवून त्याचा उतारा केलेला असतो, दुसऱ्याने तो उतारा मुळाशी ताडून पाहिलेला असतो, आणि तिसऱ्याने, या दोन्ही गोष्टी शिरस्त्याप्रमाणे पार पडल्याची खातरजमा करून, त्या कागदाची जबाबदारी आपल्या शिरावर घेतलेली असते. जुन्या दप्तरी भाषेत अशा कागदास ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ म्हणत. प्रस्तुत पुस्तिकेचा विषय कचेरीपासून कितीही दूरचा भासला, तरी तो समजून घेण्यास या तीन सह्यांइतकी सोयीची वाट मला दुसरी दिसत नाही.

हा विषय म्हणजे मेजावर मावणारा लेसर स्कॅनर. एका फिरत्या तबकावर वस्तू ठेवावी, बाजूच्या पेटीतून तांबड्या प्रकाशाची एक बारीक रेष तिच्यावर पडावी, तबकाने हळूहळू एक फेरा पुरा करावा, आणि काही मिनिटांनी त्या वस्तूची लांबी, रुंदी व खोली यांसह उतरलेली प्रतिकृती संगणकाच्या पडद्यावर उभी राहावी, असा हा प्रकार प्रथमच पाहणाऱ्यास जादूच्या खेळासारखा वाटतो. जादू म्हणून तो पाहिला तर एक करमणूक होते आणि विसरली जाते. परंतु यंत्राने नेमके काय पाहिले, काय पाहिले नाही, आणि न पाहिलेल्या भागाचे काय केले, हे तीन प्रश्न मनात धरून तोच प्रकार पाहिला, तर त्यातून भूमितीचा, प्रकाशाचा आणि प्रामाणिकपणाचाही एक धडा मिळतो. तो धडा वाचकांस सुगम व्हावा, एवढ्याच हेतूने ही प्रस्तावना किंचित लांबवीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. लेसर स्कॅनर हा छायाचित्रे घेणारा एक विशेष चांगला कॅमेरा आहे अशी पुष्कळांची समजूत असते. छायाचित्रात वस्तूचा प्रत्येक बिंदू कोणत्या दिशेस आहे हे उतरते, तो किती अंतरावर आहे हे उतरत नाही. म्हणूनच जवळची लिंबोणी आणि दूरचा डोंगर चित्रात एकाच उंचीचे दिसू शकतात. उलटपक्षी मूर्तिकाराचा साचा खोली नेमकी पकडतो, कारण तो वस्तूला अंगभर चिकटतो. पण त्यासाठी वस्तूला लिंपावे लागते, साच्याचे तुकडे पाडावे लागतात, आणि जी वस्तू ठिसूळ, पूज्य किंवा दुसऱ्याच्या मालकीची असेल तिच्यावर हा प्रयोग करण्याची सोय नसते. या दोहोंच्या मधला मार्ग शोधण्याची धडपड जुनी आहे. पॅरिसमध्ये १८६० च्या दशकात फ्रान्स्वा विलेम या शिल्पकाराने एका गोल दालनाच्या मध्यभागी माणसास उभे करून सभोवती चोवीस कॅमेरे लावले, आणि चोवीस बाजूंच्या त्या बाह्यरेषा पँटोग्राफच्या साह्याने मातीत उतरवून पुतळे घडविण्याचा व्यवसाय मांडला. त्याची कल्पना अप्रतिम होती. परंतु नुसत्या बाह्यरेषेत डोळ्यांची खोबण किंवा तळहाताची ओंजळ सापडत नाही. दिशेबरोबर अंतरही मोजले पाहिजे, आणि तेही स्पर्शावाचून, अशी गरज त्यामुळे शिल्लकच राहिली.

ही गरज भागविणारी युक्ती मी प्रथम पाहिली ती प्रयोगशाळेत नव्हे, शेताच्या बांधावर. माझे वडील भूकरमापक होते, आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्या मोजणीच्या सामानातली ओळकाठी धरण्याचे काम माझ्याकडे असे. तीन पायांवरचा सपाट फळा, त्यावर ताणून बसविलेला कागद आणि कागदावर सरकणारी दृष्टीची पट्टी, एवढाच त्या फलकयंत्राचा सरंजाम. बांधावर साखळीने एक अंतर मोजून घ्यावयाचे. त्याच्या एका टोकाला फळा मांडून ओढ्यापलीकडच्या आंब्यावर पट्टी रोखावयाची आणि कागदावर रेघ मारावयाची. मग फळा दुसऱ्या टोकाला नेऊन त्याच आंब्यावर पुन्हा पट्टी रोखून दुसरी रेघ मारावयाची. जेथे दोन रेघा छेदतील तेथे आंबा. एकदा एका पाटलांनी विचारले, “रावसाहेब, झाडापाशी न जाता झाड मोजलंत कसं?” वडील म्हणाले, “दोन ठिकाणांहून पाहिलं, पाटील. आता तिसऱ्या ठिकाणी जायची गरज उरली नाही.” त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन ठाऊक असले की उरलेला त्रिकोण आपोआप ठरतो, या शाळकरी सिद्धांताचे याहून चांगले स्पष्टीकरण मला पुढे कोणत्याही ग्रंथात आढळले नाही.

याच सिद्धांतावर विल्यम लँब्टन याने १८०२ साली मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा पोलादी साखळीने मोजून हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. त्रिकोणास त्रिकोण जोडीत उत्तरेकडे सरकत असताना १८२३ साली लँब्टनचा अंत झाला तो आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, आणि त्याची कबरही तेथेच आहे. पुढे ज्या शिखरावर कोणाचेही पाऊल पडले नव्हते, त्याची २९,००२ फूट ही उंची १८५६ साली जाहीर करण्यात आली, ती शंभराहून अधिक मैलांवरून घेतलेल्या कोनांच्या आधारे. मेजावरील स्कॅनर याच घराण्यातला आहे. फरक इतकाच की त्याची आधाररेषा मैलांची नसून वीतभर असते, आणि त्याचे शिखर म्हणजे एखाद्या मूर्तीच्या नाकाचा शेंडा असतो.

फलकयंत्रातील दोन नजरांपैकी एक येथे कॅमेऱ्याची असते. दुसरी नजर नसून प्रकाश असतो. लेसरचा किरण एका दंडगोल भिंगातून गेला की पंख्यासारखा पसरतो, आणि अवकाशात प्रकाशाचा एक सपाट, अत्यंत पातळ पडदा तयार होतो. हा पडदा वस्तूला जेथे भिडतो तेथे तेजस्वी रेष उमटते. लेसरच्या जागी डोळा ठेवून पाहिले तर ती रेष सरळच दिसेल. परंतु बाजूच्या कॅमेऱ्यास ती वस्तूच्या उंचवट्यांप्रमाणे वळलेली, मोडलेली, मागेपुढे सरकलेली दिसते. कॅमेऱ्याच्या चित्रातील प्रत्येक प्रकाशित बिंदूपासून अवकाशात एक किरण मागे नेता येतो, आणि तो किरण प्रकाशाच्या त्या पडद्याला एकाच ठिकाणी छेदतो. ते ठिकाण म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावरील एक बिंदू. अशा रीतीने यंत्राला वस्तू अशी कधी दिसतच नाही. त्याला दिसते ती फक्त एक वाकडी रेष, आणि त्या वाकडेपणाचा हिशेब म्हणजेच त्याचे सारे ज्ञान.

या हिशेबाचे मान लक्षात यावे म्हणून एक साधे उदाहरण घेऊ. प्रकाशाचा पडदा वस्तूवर समोरून पडत आहे आणि कॅमेरा त्याच्याशी ३० अंशांचा कोन करून पाहत आहे असे समजा. पृष्ठभागावर एक मिलिमीटरचा उंचवटा आला तर कॅमेऱ्याच्या दृष्टीने रेष अर्धा मिलिमीटर बाजूला सरकते. आणि कॅमेऱ्याचा एक पिक्सेल वस्तूवरील ०.१ मिलिमीटर जागा व्यापीत असेल, तर हे सरकणे पाच पिक्सेलांचे होते. रेषेची जाडी स्वतःच काही पिक्सेलांची असते, तरीही तिच्या प्रकाशाचा मध्य कोठे पडतो याचे गणित करून एका पिक्सेलच्या अंशापर्यंत तिची जागा ठरविता येते. प्रकाश जाऊन परत येण्यास किती काळ लागला यावरून अंतर काढणारी यंत्रेही आहेत आणि इमारती, किल्ले, दऱ्या मोजण्यास ती योग्यच होत, परंतु ०.१ मिलिमीटरचा फरक त्या रीतीने ओळखावयाचा तर सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाहूनही कमी काळ मोजावा लागेल. मेजावरच्या लहान वस्तूंसाठी म्हणूनच घड्याळापेक्षा त्रिकोण अधिक भरवशाचा ठरला.

येथे एक पेच उभा राहतो, आणि या यंत्राचे बहुतेक गुणदोष त्या पेचातूनच जन्मास आलेले आहेत. कॅमेरा आणि लेसर यांमधील कोन मोठा ठेवला तर थोड्या उंचवट्यानेही रेष पुष्कळ सरकते आणि मापन अचूक होते. पण तितक्याच प्रमाणात, प्रकाश पोहोचला परंतु कॅमेऱ्यास दिसला नाही, किंवा कॅमेऱ्यास दिसते परंतु तेथे प्रकाश पोहोचला नाही, अशा जागा वाढत जातात. कोन लहान केला तर खोबणी आणि घळी दिसू लागतात, परंतु मापन ढिले पडते. वरच्याच उदाहरणात कोन १० अंशांवर आणला तर एक मिलिमीटरच्या उंचवट्याने रेष जेमतेम ०.१७ मिलिमीटर सरकते. अचूकपणा आणि आवाका यांचा हा व्यवहार रोखीचा आहे. एक घ्यावयाचे तर दुसऱ्यातून तितके कापून द्यावेच लागते. काही यंत्रांत कॅमेऱ्याच्या डावीउजवीकडे एकेक लेसर बसवितात, ते एकाची सावली दुसऱ्याने उजळावी म्हणून.

या साऱ्या गोष्टी मेजावर मावू लागल्या त्या मात्र अलीकडे. थिओडोर मेमन याने कॅलिफोर्नियात पहिला लेसर चालवून दाखविला तो १९६० साली. प्रकाशाचे विद्युत्‌भारात रूपांतर करून चित्र उतरविणाऱ्या संवेदकाची कल्पना बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी मांडली ती १९६९ साली. पुढे अर्धवाहकांचे लेसर स्वस्त झाले, संगणक घरोघरी आले, आणि जे यंत्र एकेकाळी मोठ्या संस्थांच्या दालनांत असे ते २००६ साली नेक्स्टइंजिन या नावाने सुमारे अडीच हजार डॉलरांस मिळू लागले. २०१३ साली मेकरबॉट कंपनीने डिजिटायझर नावाचे फिरत्या तबकाचे यंत्र त्याहूनही कमी किमतीस विक्रीस आणले. तबकाचा एक फेरा ८०० टप्प्यांत पुरा होतो असे धरले तर प्रत्येक टप्पा ०.४५ अंशाचा होतो, आणि पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या भांड्यावर दोन लगतच्या रेषांत सुमारे ०.३९ मिलिमीटर अंतर पडते. जर्मनीतील ब्राउन्श्वाइक येथील संशोधकांनी तर तबकही दूर सारले. काटकोनात मांडलेल्या दोन पुठ्ठ्यांपुढे वस्तू ठेवून लेसरची रेष हाताने फिरवावी, आणि मागच्या दोन पृष्ठांवर ती कशी पडली यावरून संगणकाने प्रकाशाचा पडदा प्रत्येक क्षणी कोठे होता हे ओळखावे, अशी त्यांची रीत होती.

आता पहिल्या रुजुवातीकडे वळू. वरचे सारे गणित एका गृहीतावर उभे आहे, ते असे की कॅमेरा, लेसर आणि तबकाचा आस हे परस्परांपासून किती अंतरावर व किती कोनात आहेत हे आपणास ठाऊक आहे. मोजणीची साखळी उन्हाने लांबली असेल तर गावचा सारा नकाशा चुकतो, हे वडिलांच्या खात्यात कोणी सांगावे लागत नसे. म्हणून वापरापूर्वी साखळी प्रमाण मापाशी ताडून घेण्याचा दंडक होता. स्कॅनरच्या बाबतीत हेच काम बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्यापांढऱ्या चौकटींचा एक फलक करतो. चौकटींचे माप ठाऊक असल्यामुळे तो निरनिराळ्या कोनांत धरून घेतलेल्या चित्रांवरून भिंगामुळे चित्रात येणारा वाकडेपणा, कॅमेऱ्याची स्थिती आणि प्रकाशाच्या पडद्याची जागा ही सर्व निश्चित करता येतात. झेंगयू झांग यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली या प्रकारची पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. नवशिका नेमका हाच सोपस्कार टाळतो. यंत्र पेटीतून काढले, तबक फिरले, चित्र उमटले, एवढ्यावर तो समाधान मानतो. आणि गोल वाटी लंबगोल का आली याचा दोष मग वाटीला देतो.

दुसरी अडचण पदार्थांच्या स्वभावाची आहे. प्रकाशाची रेष पृष्ठभागावर पडून तेथूनच सर्व दिशांना विखुरली पाहिजे, अशी या यंत्राची मूलभूत अपेक्षा असते. पांढरा खडू, भाजलेली माती, न रंगविलेले लाकूड हे पदार्थ ती इमानाने पुरी करतात. काळा दगड प्रकाश गिळतो, काच तो आरपार जाऊ देते, घासलेला धातू त्याला भलत्याच दिशेस फेकतो, आणि संगमरवर तो थोडा आत मुरवून मग बाहेर सोडतो, त्यामुळे रेष अस्पष्ट होते आणि तिची जागा चुकते. आमच्या देवघरातील रांगता बाळकृष्ण मी प्रथम तबकावर ठेवला तेव्हा, देवाला यंत्रापुढे न्यावयाचे तर तो स्वच्छ असावा या भावनेने घरच्या मंडळींनी त्याला चिंचेने लख्ख घासून दिला होता. पडद्यावर उतरला तो काट्याकुट्यांचा गोळा. अखेरीस पितळेवर पांढऱ्या भुकटीचा अगदी पातळ थर द्यावा लागला, आणि तेव्हा कोठे देवाने दर्शन दिले. मात्र त्या थराची जाडीही मापात शिरते, हे विसरून चालत नाही. नकलेत मुळाबरोबर भुकटीचीही नोंद झालेली असते.

एका फेऱ्यात वस्तूचे सर्वांग कधीच दिसत नाही. तळ दिसत नाही, माथा नीट दिसत नाही. म्हणून वस्तू आडवी करून, उलटी करून पुनःपुन्हा फिरवावी लागते, आणि प्रत्येक फेऱ्याचा बिंदुसमूह दुसऱ्याशी जुळवावा लागतो. १९९२ साली पॉल बेसल आणि नील मॅके यांनी मांडलेली पद्धत यासाठी प्रसिद्ध आहे. एका समूहातील प्रत्येक बिंदूला दुसऱ्या समूहातील सर्वांत जवळचा बिंदू जोडीदार म्हणून द्यावयाचा, सर्व जोड्यांतील अंतर कमीत कमी होईल असा समूह किंचित फिरवावयाचा व सरकवावयाचा, नव्या जागी पुन्हा जोड्या लावावयाच्या, आणि कसर कमी होईनाशी झाली की थांबावयाचे. दोन दप्तरांतील नोंदी समोरासमोर ठेवून जुळविण्याचेच हे काम आहे, आणि ते संगणक कंटाळा न करता करतो. जुळलेल्या बिंदूंवर नंतर त्रिकोणांचे जाळे विणले जाते. या विद्येच्या अभ्यासकांत जगभर प्रसिद्ध पावलेला एक भाजक्या मातीचा ससा आहे. ग्रेग टर्क आणि मार्क लेव्हॉय यांनी १९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याचे दहा बाजूंनी मापन करून ६९,४५१ त्रिकोणांची प्रतिकृती तयार केली. पुढे असंख्य संशोधकांनी आपापल्या पद्धती त्याच सशावर पारखून पाहिल्या. त्या सशाच्या तळाशी भोके आहेत. काही मूळ मातीच्या पोकळ सशालाच होती. इतर मात्र तेथे मापन पोहोचले नाही म्हणून राहिली.

या भोकांजवळ वाचकाने थोडे थांबावे. आजची संगणकप्रणाली अशी भोके एका आज्ञेसरशी बुजविते, आणि सभोवारचा पृष्ठभाग पाहून मधला भाग इतक्या सफाईने ओढून घेते की पाहणाऱ्यास संशयही येत नाही. छापून वस्तू घडवावयाची असेल तर हे करावेच लागते. परंतु जुन्या कागदाची नक्कल करणारा नेकीचा कारकून, मूळ पान कसरीने खाल्लेले असेल तर तेवढी जागा कोरी सोडून समासात तसा दाखला देत असे. आपल्या तर्काची अक्षरे तो मुळाच्या अक्षरांत मिसळीत नसे. बुजविलेले भोक हा तर्क आहे, मोजलेला पृष्ठभाग हा पुरावा आहे, आणि दोहोंवर एकच रंग चढविणे हा कागदपत्रांच्या व्यवहारात गुन्हा ठरला असता.

रुजुवात न घेतलेल्या नकला किती दूरवर जातात, याचे एक उदाहरण याच विद्येच्या इतिहासात आहे. मार्क लेव्हॉय यांच्या पुढाकाराने स्टॅनफर्डच्या मंडळींनी १९९९ च्या आरंभी फ्लॉरेन्समधील मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचे लेसरने मापन केले. त्या कामी तीस रात्री आणि बावीस माणसे लागली, यंत्र ४८० वेळा नेम धरून फिरविले गेले, आणि हाती आले ते सुमारे दोनशे कोटी त्रिकोण. संगमरवराच्या एका पुतळ्याविषयी पाचशे वर्षांत लिहावयाचे काही राहिले असेल असे कोणास वाटले नसते. तरीही, कलाविषयक पुस्तकांतून ४३४ सेंटिमीटर म्हणून छापली जाणारी त्या पुतळ्याची उंची वास्तविक ५१७ सेंटिमीटर आहे, असे या मापनात निष्पन्न झाले. एका पुस्तकावरून दुसऱ्याने, दुसऱ्यावरून तिसऱ्याने आकडा उतरवून घेतला होता. अस्सल मात्र तेथेच, सर्वांच्या डोळ्यांदेखत उभे होते.

प्रस्तुत पुस्तिकेचा क्रम वरील विवेचनास धरूनच लावलेला आहे. यंत्राची मांडणी, त्याची रुजुवात, वस्तूची निवड व तयारी, फेऱ्यांची जुळणी आणि शेवटी जाळ्याची दुरुस्ती, अशा पायऱ्यांनी वाचकाने जावे, आणि घाई होत असेल तर ती शेवटच्या पायरीत करावी, दुसऱ्या पायरीत कदापि करू नये. लेसरच्या रेषेकडे समोरून टक लावून पाहू नये, यंत्रावर लिहिलेली सूचना वाचावी, आणि मापन मंद उजेडात करावे, एवढ्या सावधगिरीने घरच्या मेजावर हे काम निर्वेधपणे करता येते. आरंभ मात्र मातीच्या पणतीपासून करावा; पितळेच्या देवाकडे नंतर वळावे.

नक्कल तयार करण्याचे काम यंत्र चोख करते, आणि रुजुवातीचा मोठा भार संगणक उचलतो. तिसरी सही त्या दोघांपैकी कोणीही करू शकत नाही, कारण वस्तूचा कोणता भाग पाहिला आणि कोणता मानला हे सांगण्याची जबाबदारी घेणारा तेथे कोणी नसतो. आमच्या बाळकृष्णाच्या उंचावलेल्या उजव्या हातात लोण्याचा गोळा आहे, आणि त्या गोळ्याने हनुवटीखालची थोडी जागा प्रकाशापासून कायमची झाकली आहे. वस्तू सात वेळा निरनिराळ्या बाजूंनी फिरवूनही रेष तेथे पोहोचली नाही. प्रतिकृतीत तो भाग मी शेवटी बुजविला, त्याला वेगळा रंग दिला, आणि सोबतच्या टिपणात लिहून ठेवले : हनुवटीखालील भाग दिसला नाही, अंदाजाने भरला आहे, बाकी मुळाबरहुकूम. त्याखाली सही केली.